डिझेल मोजायची काठी

दसऱ्याला नऊ दिवस उरले होते आणि आमच्या ट्रॅक्टरचा क्लच सुटत नव्हता.

‘आमच्या’ हे सवयीने म्हटलं. ट्रॅक्टर माझा एकट्याचा. घरात तो दुसऱ्या कुणाला नकोच होता. आणि ट्रॅक्टर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे धूड उभं राहतं, तसलाही तो नाही. बागेतल्या दोन ओळींमधून जाणारा, आखूड, जुना. त्यावर बसलं की माझे गुडघे स्टिअरिंगला टेकतात. पहिल्यांदा बसलो तेव्हा बायकोने फोटो काढून मुलीला पाठवला. मुलगी परदेशात असते. तिचं उत्तर आलं, “बाबांना तीनचाकी सायकल घेतली का?”

घेतला काकांकडून. काका नात्यातले नव्हेत. बडोद्याहून नंदेसरीच्या कारखान्यात जायला आम्ही वर्षानुवर्षं एकच बस पकडली. ते बॉयलरवर, मी मेंटेनन्सच्या ऑफिसात. ते माझ्याआधी निवृत्त होऊन आपल्या गावी शेतीला लागले. वासणा ओलांडून पाद्र्याच्या बाजूला त्यांचं गाव. मी दोन वर्षांपूर्वी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि सुभानपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये पंख्याकडे बघत बसलो. काकांना ते बघवलं नाही. “माझे दोन विघे पडून आहेत, करा ने काहीतरी,” म्हणाले. दोन विघे म्हणजे एकराहून थोडं जास्त. त्यांचे गुडघे गेले होते, ट्रॅक्टरवर चढता येत नव्हतं, म्हणून तोही मलाच दिला.

बायको म्हणाली, “अहो, कुंडीतली तुळस तुमच्या हातून दोनदा गेली. तिथे काय लावणार?”

“रिंगणां,” मी म्हटलं. बडोद्यात जन्म गेल्यामुळे वांग्यांना मी वांगी म्हणत नाही, आणि त्यावरूनही माझ्या पुणेकर सासरी तीस वर्षं हसणं चाललेलं आहे.

ट्रॅक्टर ताब्यात घेतला त्या दिवशी मी वही घेऊन गेलो होतो. ऑफिसात माझं काम तेच होतं. कुठलं मशीन कधी उघडायचं, काय बदलायचं, कुणी बदलायचं, हे लिहायचं. उघडायचं काम दुसरे करत. काका सांगत गेले, मी लिहीत गेलो. ऑइल, पाणी, टायरची हवा, बेल्ट. स्टिअरिंगला सुतळीने एक बाभळीची काठी बांधलेली होती. हातभर लांब, एक टोक तासून चपटं केलेलं, दुसऱ्या टोकाला खाच. ही कशाला, हे मी विचारलं नाही. डिझेलचा काटा बंद होता, तेव्हा काठी टाकीत बुडवून डिझेल बघायची असणार. इतक्या वर्षांच्या मेंटेनन्सवाल्याला हे काय सांगावं लागतं? घरी आणून मी तिच्यावर पाव, अर्धं, पाऊण अशा खुणा केल्या आणि वर पांढरी चिकटपट्टी लावून लिहिलं: ‘डिझेल’. बायकोने ते पाहिलं. “एक दिवस माझ्या पाठीवरही पट्टी लावाल,” म्हणाली.

हे सगळं ती इथे होती तेव्हाचं.

गेल्या पौषात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ती पुण्याला गेली. आषाढात सासूबाई गेल्या. त्या आधीच्या आठवड्यात निरोप आला, तशी मी ट्रॅक्टर धुतला, पुसला, शेडमध्ये लावला, काठी खिळ्याला टांगली, कुलूप घातलं आणि गाडीत बसलो. महिनाभर तिथे राहून परत आलो. ती राहिली. “आईचं घर आवरायचंय,” म्हणाली. दोन खोल्यांचं घर. श्रावण झाला, गणपती येऊन गेले, दोन खोल्या काही आवरून होईनात. खालच्या मजल्यावर तिची धाकटी बहीण राहते. संध्याकाळी दोघी गॅलरीत चहा पितात. फोनवर मला कपांचा आवाज ऐकू यायचा.

फोन रोज आठला. तो असा:

“जेवलात?”

“जेवलो.”

“काय?”

“खिचडी.”

“कालही खिचडीच होती ना?”

“ती मुगाची होती.”

मग थोडा वेळ दोघंही श्वास घ्यायचो आणि ती म्हणायची, “बरं, ठेवते.” भांडण नव्हतं. भांडण असतं तर बोलायला काहीतरी मिळालं असतं. मुलगी परदेशातून आम्हां दोघांना वेगवेगळे फोन करू लागली होती आणि दोघांना एकच बातमी सांगत होती. एकदा मी ती ऐकलेली बातमीसुद्धा पुन्हा बायकोकडून नव्याने ऐकली, चार मिनिटं जास्त मिळाली म्हणून.

भाद्रपद संपता संपता चिखल वाळला आणि मी शेडचं कुलूप काढलं. आत ओलीचा वास, सीटवर बुरशी. बॅटरी चार्ज करून आणली होती, इंजिन दुसऱ्या झटक्यात लागलं. मला इतकं बरं वाटलं की मी आजूबाजूला पाहिलं, कुणी पाहिलं का म्हणून. मग क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेलो, तर करर्रऽऽ. पुन्हा दाबला. पुन्हा करर्रऽऽ. दात दातांवर घासल्यासारखा आवाज.

त्या दिवशी फोनवर “जेवलात?” विचारल्यावर मी म्हटलं, “क्लच सुटत नाही.”

“म्हणजे?”

म्हणजे काय ते सांगितलं. इंजिनाच्या मागे एक जड चाक फिरत असतं, त्याला क्लचची प्लेट दाबून चिकटलेली असते. पेडल दाबलं की दोघं जरा लांब होतात, तेव्हा गिअर पडतो. आमच्याकडे पेडल दाबलं तरी ते लांब होत नाहीत.

“कमाल आहे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मग आता काय करणार?”

त्या दिवशी आम्ही अठरा मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर मी आकडा पाहिला, म्हणून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी नोकरीत करायचो तसा कागद केला. तक्रार: क्लच सुटत नाही. संभाव्य कारणं: एक, पेडलचा मोकळा खेळ जास्त. दोन, पेडलचा सांधा गंजला. तीन, आतला दांडा हलत नाही. चार, प्लेट चिकटली. चौथ्याच्या पुढे मी प्रश्नचिन्ह काढलं आणि मनातल्या मनात ते कारण खोडून टाकलं, कारण त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकडे करावे लागतात. कारखान्यातही मी असंच करायचो. जे काम अवघड, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

पहिल्या दिवशी पेडलचा खेळ कमी केला. खालची सळई आटे फिरवून जवळ घ्यायची, इतकंच. त्यासाठी मी चिखलात पाठ टेकून तासभर पडलो आणि आटे उलटीकडे फिरवले. खेळ वाढला. संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती खळखळून हसली आणि मागे वळून बहिणीला सांगितलं, तीही हसली. मी आणखी दोन गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या. दुसऱ्या दिवशी आटे सुलटे फिरवले. काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी सांध्याला ग्रीस दिलं. पेडल लोण्यासारखं खाली जाऊ लागलं, गिअर मात्र पूर्वीसारखाच करकरला. चौथ्या दिवशी पोटाखालचं छोटं झाकण काढून बॅटरीचा उजेड आत टाकला. पेडल दाबायला कुणी नव्हतं. विटांची एक पिशवी पेडलवर टांगून मी खाली शिरलो. आतला दांडा व्यवस्थित सरकत होता. म्हणजे उरलं चौथं कारण.

आठच्या फोनला आता तीच आधी विचारायची, “काय म्हणतोय तुमचा क्लच?” आणि एकदा, पहिल्या माळेच्या संध्याकाळी, म्हणाली, “दसऱ्याच्या आत चालू करून दाखवा, तर येईन मी पूजेला. बंद डब्याला काय हार घालायचा!”

ती ते हसत म्हणाली होती, हे मला माहीत आहे. तरी मी कागदावर वर लिहिलं: दसरा. आणि खाली दोन रेघा मारल्या.

पाद्र्याहून मिस्त्री आला. त्याने पेडल एकदा दाबलं, गिअर एकदा घासला आणि खाली उतरला. “साहेब, बे टुकडा करवा पडशे.” कधी करणार? तर दिवाळीनंतर. नोरतांत, म्हणजे नवरात्रात, त्याची माणसं रात्रभर गरबा खेळून दिवसा झोपतात. “तीस वर्षं चाललंय त्याला महिनाभर काय होतं?” म्हणाला. मी त्याला सांगू शकलो नाही काय होतं ते.

मग काकांना फोन का केला नाही? काका पावसाळाभर सुरतेला मुलीकडे होते, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं. बसमध्ये मी या माणसाला वीस वर्षं मशीनची देखभाल कशी करावी यावर ऐकवलं होतं.

सप्तमीला ते स्वतःच आले. रिक्षातून काठी टेकत उतरले, शेडच्या दारात खाट ओढायला लावली, बसले. मी सगळं सांगितलं, कागदही दाखवला. काका गुजरातीत बोलतात, मी मराठीत, आणि आम्हां दोघांना वाटतं की आपण समोरच्याच्या भाषेत बोलतोय. त्यांनी कागद उलटा धरून बाजूला ठेवला.

“पेलुं लाकडुं क्यां छे?”

“कुठलं लाकूड?”

“अरे, स्टिअरिंगला बांधलेलं. बाभळीचं.”

मी खिळ्यावरून काढून दिलं. त्यांनी पाव, अर्धं, पाऊण वाचलं. चिकटपट्टी वाचली.

“साहेब, हे काय आहे?”

“डिझेल मोजायची काठी.”

काका हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी मला जवळ बोलावलं, काठीचं चपटं टोक पेडलवर ठेवायला लावलं, पेडल खालपर्यंत दाबून खाच असलेलं टोक सीटखालच्या पट्टीला अडकवायला लावलं. काठी तिथे अशी बसली, जणू तिच्यासाठीच ती पट्टी केली होती. पेडल खालीच राहिलं.

“चोमासामां आम राखवानुं,” काका म्हणाले. पावसाळ्यात असं ठेवायचं. ट्रॅक्टर महिनो न् महिने उभा राहणार असेल तर क्लच दाबून ठेवायचा, म्हणजे प्लेट आणि चाक एकमेकांना टेकत नाहीत. नाहीतर ओलीने दोन्हीकडे गंज चढतो आणि दोघं एकमेकांना धरून बसतात.

“मग तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत? तुम्ही वहीत लिहीत होतात. मला वाटलं, हे लिहिलंच असेल.”

मी वही काढून पाहिली. बेल्टच्या खाली लिहिलं होतं: काठी — डिझेल. माझ्याच अक्षरात. त्या रात्री आठच्या फोनवर काठीची ही सगळी गोष्ट बायकोला सांगितली.

तुकडे करायची गरज नाही, असं काका म्हणाले, नशीब असेल तर. दुसऱ्या दिवशी सकाळी, अष्टमीला, त्यांनी खाट बांधावर आणवली आणि तिथून सूत्रं हलवली. आधी गिअर न टाकता इंजिन अर्धा तास चालू ठेवायचं, आतलं सगळं तापू द्यायचं. मग बंद. समोरचं सगळं मोकळं करायचं, कोंबडीसुद्धा नको. मग दुसरा गिअर टाकायचा, क्लच पायाने पूर्ण दाबून धरायचा आणि गिअरमध्येच चावी फिरवायची.

“उडी मारेल,” मी म्हटलं.

“मारू दे ने! तुम्ही बसून राहा.”

मारली. मी सीटवरून वीतभर उडालो आणि ट्रॅक्टर मला घेऊन रिंगणांच्या रिकाम्या वाफ्यातून निघाला. क्लच दाबलेला, तरी चाललाय. मागून काका ओरडत होते, “गॅस आपो! छोडो! ब्रेक! पाछो गॅस!” गॅस दिला, सोडला, ब्रेक मारला. माझी मान पुढे, मान मागे. शेताची एक फेरी झाली, दुसरी झाली. शेजारच्या शेतातल्या दोन बाया खुरपी ठेवून कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या फेरीला, बांधाच्या वळणावर, मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो आणि पायाखाली कुठेतरी ‘टक्’ झालं. लहानसा आवाज. सुपारी फुटावी तसा. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. इंजिन चालूच होतं.

मी गिअर काढला. टाकला. पुन्हा काढला, पुन्हा टाकला. कुठे करकर नाही.

काका खाटेवरून टाळ्या वाजवत होते. आणि मला काय वाटलं ते लिहितोच आता: क्षणभर वाटलं की हे चार दिवसांनी सुटलं असतं तरी चाललं असतं. क्लच सुटला, आता आठ वाजता बोलायचं काय?

पण दसरा होता. मी आठची वाट पाहिली नाही, भर दुपारी शेतातूनच फोन लावला. ती घाबरली. “काय झालं? बरं आहे ना?”

“सुटला!”

“कोण?”

“अगं, क्लच! ऐक.” आणि मी फोन इंजिनाजवळ धरला.

“हो हो, ऐकू येतंय,” ती म्हणाली. मागे बऱ्याच बायकांचे आवाज होते, भोंडल्याची तयारी चालली असावी. कुणीतरी तिला हाक मारली. “येतेय गं!” मग मला, “छान झालं हो. खरंच.”

“मग परवा येतेस ना? पूजेला?”

ती जरा लांब गेली असावी, मागचा गलका कमी झाला.

“अहो, आता ऐनवेळी तिकीट कुठलं मिळणार? आणि इथे मावशी यायच्यात. दिवाळीचं बघू.”

“हो, गर्दी असते गाड्यांना,” मी म्हटलं. “बरोबर आहे.”

ती गमतीत म्हणाली होती. मला माहीत होतं ते. मी तेव्हाच लिहिलंय वर.

नवमीला घरी मी वडिलांचे पाने पाटावर मांडले. वडील रेल्वेत फिटर होते. त्यांच्या वेळेपासून आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्र म्हणजे पानेच. हळदकुंकू तिच्या डब्यातलं काढलं. डबा कुठे असतो ते शोधायला वेळ गेला. दसऱ्याला सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभा राहिलो, नंबर आल्यावर सवयीने दोघांचं सांगितलं, आणि बदलून सांगायची लाज वाटली म्हणून तेवढंच घेतलं. तिच्या वाटणीचं काकांनी खाल्लं. ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी एक फेरी मारून आलो. काकांनी माझा फोटो काढला. त्यात माझा अंगठा आणि काकांचं अर्धं बोट आलं. तो मी कुणाला पाठवला नाही.

जिलेबी संपल्यावर मी काकांना विचारलं, “आता ही काठी रोज लावायची का?”

“ना रे. रोज चालवता तेव्हा कशाला? चालणाऱ्याला काही चिकटत नाही.” त्यांनी हाताचा पाक पंच्याला पुसला. “ज्याला सोडून जायचंय, त्याने लावायची.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “तमारे क्यां जवुं छे?” तुम्हाला कुठे जायचंय?

मी ट्रॅक्टरकडे गेलो. पेडल दाबलं, काठीचं चपटं टोक त्यावर ठेवलं, खाच पट्टीला अडकवली. एकदा हलवून पाहिली. पक्की होती.

“जाओ,” काका म्हणाले. “हुं बेठो छुं.” मी इथे आहे.

तिकीट मिळालं नाहीच. तिने तेवढं खरं सांगितलं होतं. जनरलच्या डब्यात दाराजवळ बॅगेवर बसून पुण्याला आलो. आधी फोन केला नव्हता, कारण “येऊ का?” असं स्वतःच्या बायकोला कसं विचारायचं ते मला कळेना. तिसरा मजला चढलो, बेल दाबली. दारात ती, हातात झाडू, डोक्याला फडकं. आत सासूबाईंचं कपाट उघडं, जमिनीवर सगळीकडे पातळांच्या घड्या, गठ्ठे बांधायला घेतलेले. खरंच आवरत होती.

तिने मला पाहिलं, बॅग पाहिली, पुन्हा मला पाहिलं.

“काठी लावलीत ना?” म्हणाली.

“लावली.”

“आणि ती डिझेलची पट्टी?”

“राहू दिली.”

तिने वाटेतला एक गठ्ठा पायाने बाजूला सारला, मी आत जाईन इतपत जागा झाली. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, “खिचडी आहे. मुगाची.”

याला आता अकरा दिवस झाले. मी गठ्ठे बांधतो, सुतळी मीच आणली. संध्याकाळी गॅलरीत तीन कप असतात, दोघी बहिणी बोलतात, मी ऐकतो. आठ वाजता मला उगीच फोनकडे बघायची सवय अजून आहे. बडोद्याला कधी जायचं, दोघांनी की एकट्याने, हे तिने विचारलेलं नाही, मीही नाही. काका एक दिवसाआड फोन करून सांगतात, शेड बघून आलो, पेडल खाली आहे.

काठी लावून ट्रॅक्टर किती दिवस ठेवता येतो, हे मी त्यांना विचारायचं विसरलो. या वेळी वहीच नेली नव्हती.